गोव्यातील हंगामी क्राफ्ट बिअर : चाखावी कशी आणि परीक्षण लिहावे कसे

मांडवीकाठ (धागाकर्ता)

गोव्यात क्राफ्ट बिअरचे, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरचे, आता फारसे नवल उरलेले नाही. गोवा ब्रुइंग कंपनीची ‘एट फिंगर एडी’ ही आयपीए (हॉप्स या कडवट, सुगंधी फुलांचा भरपूर वापर केलेली इंडिया पेल एल) असो किंवा डिचोली तालुक्यातील लाटंबार्से गावाचे नाव लावणाऱ्या ब्रुअरीची ‘माका दी’ असो, इथल्या बिअर पणजी-म्हापशाच्या दुकानांत सहज मिळतात, आणि काजू-आंब्याचे दिवस आले की ‘हंगामी’ म्हणून विकले जाणारे कॅन आणि टॅपही वाढतात. त्यांच्याबरोबर परीक्षणेही वाढली आहेत, पण बहुतेक वाचून हाती काही लागत नाही. ‘हलकी आहे, उन्हाळ्यात छान लागते, पाचपैकी चार’ एवढ्या माहितीवर वाचकाने काय ठरवायचे? माझे म्हणणे असे की हंगामी बिअरच्या परीक्षणाने दोन प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत. या बिअरमध्ये हंगामाचे नेमके काय आहे, आणि ती आपल्या ग्लासात कोणत्या अवस्थेत पोचली?

पहिला प्रश्न आधी घेतो. युरोपात हंगामी बिअर गरजेतून जन्माला आली. बव्हेरियात १५५३ मध्ये हुकूम निघाला की बिअर २९ सप्टेंबर ते २३ एप्रिल या काळातच बनवावी, कारण उन्हाळ्यात बनवलेली बिअर नासत असे. मार्चमध्ये बनवलेली, जरा जड आणि थंड तळघरात उन्हाळाभर राखलेली ‘मेर्ट्सन’ त्यातूनच रूढ झाली. ब्रसेल्सजवळच्या सेन नदीच्या खोऱ्यात लाम्बिक आजही साधारण ऑक्टोबर ते एप्रिल एवढ्याच काळात बनते. उकळलेला धान्यरस उथळ, उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात, हवेतील रानटी यीस्ट त्यात उतरते आणि तेच तो रस आंबवते. उबदार रात्री हे काम केले तर नको ते जिवाणू बळावतात. १८७० च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रे म्युनिकच्या ब्रुअरीत आली आणि लागरपुरती (थंडीत आंबवून मुरवायच्या बिअरपुरती) तरी ऋतूची सक्ती संपली.

गोव्यात ही सक्ती कशाची असेल, हे पाहण्यासारखे आहे. बार्ली आपल्याकडे पिकत नाही; देशातले मोठे पीक राजस्थान आणि उत्तर प्रदेशात येते. हॉप्स बहुतांशी परदेशातून, वाळवून दाबलेल्या गोळ्यांच्या रूपात येतात. तोडणीनंतर जेमतेम दिवसभरात वापरायच्या ओल्या हॉप्सची बिअर, जी अमेरिकेत आणि इंग्लंडात हॉप्सच्या सुगीत निघते, ती इथे शक्यच नाही. म्हणजे बिअरच्या मूळ घटकांत गोव्याचा हंगाम येत नाही. तो येतो तो काजूच्या बोंडूतून, मानकुराद आंब्यातून, कोकमातून, आणि त्याहीपेक्षा हवेतून. एप्रिल-मेच्या दमट उष्म्यात माणसाला काय प्यावेसे वाटते आणि जुलैच्या संततधारेत काय, यात जमीनअस्मानाचा फरक आहे. म्हणून धणे आणि संत्र्याची साल घातलेली बेल्जियन धाटणीची गव्हाची बिअर कोणी खास उन्हाळ्यासाठी काढली, तर तिला हंगामी म्हणायला माझी हरकत नाही. मात्र बाटलीतल्या अर्कावर बाराही महिने निघणारी आंब्याची बिअर केवळ मे महिन्यात वेष्टन बदलून हंगामी होत नाही, आणि परीक्षणात ते स्पष्ट लिहिले पाहिजे.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. बिअर बनवणाऱ्यांमध्ये एक ठोकताळा आहे : सुमारे ३२ अंश तापमानात ३ दिवस, २२ अंशांत ३० दिवस आणि ३ अंशांत ३०० दिवस, या तिन्हींत बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता मे महिन्यातले गोव्यातले एखादे दुकान डोळ्यांसमोर आणा. मागच्या खोलीत खोकी रचलेली, पंखासुद्धा नाही, आणि फ्रीजमधली जागा मोकळी होईल तसे कॅन पुढे येतात. हातात पडलेला कॅन बर्फासारखा गार असतो, पण त्याने आधीचे दिवस कसे काढले हे त्या गारव्यावरून कळत नाही.

चव मात्र सांगते. असा एक आयपीए कॅन मी नुकताच उघडला. रंग अपेक्षेपेक्षा गडद, तांबूस झालेला. फेस ठीक होता. नाकाला संत्र्याचा किंवा पाइनचा वास यायला हवा, तिथे पातळ मधासारखा एक बोथट गोडवा आला आणि त्याच्यामागे भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास. घोट घेतल्यावर कडवटपणा होता, पण त्याला सोबत करणारा सुगंध निघून गेल्यामुळे तो नुसताच जिभेच्या मुळाशी चिकटून राहिला. कॅनच्या बुडाशी तारीख पाहिली तर भरून बरेच महिने झाले होते. अशा कॅनवरून त्या बिअरला पाचपैकी दोन गुण देणे हा बनवणाऱ्यावर अन्याय आहे, आणि काहीच न लिहिणे हा वाचकावर.

तेव्हा या धाग्यावर लिहिताना बिअर कॅनमधली की टॅपवरची, भरल्याची तारीख काय, कुठे आणि कशी ठेवलेली होती, आणि पिताना ती साधारण किती गार होती, हे आधी लिहावे, मग चवीकडे वळावे, अशी विनंती आहे.

डिचोलीकर

धागा आवडला, पण हंगामीची आपली व्याख्या मला सैल वाटते. हवेला साजेसे ते सगळे हंगामी म्हटले, तर गार लागर गोव्यात जवळजवळ वर्षभर हंगामी ठरेल. आपल्या मातीत हंगामी पेयाचे याहून कडक माप आहे आणि ते म्हणजे हुर्राक.

आमच्या भागात फेब्रुवारी सरता सरता भाट्या पेटतात. झाडावरून आपसूक गळलेलीच बोंडू वेचायची, ओढून काढायची नाहीत. बी वेगळी करून बोंडू कोळंबीत, म्हणजे ती तुडवायच्या कुंडात, मळायची. निघालेला रस भांड्यांत ठेवला की बाहेरचे यीस्ट न घालता तो आपोआप आंबतो. त्याच्या पहिल्या ऊर्ध्वपातनातून जे उतरते ते हुर्राक, साधारण १५ टक्के अल्कोहोलचे. पुन्हा चढवले की फेणी, ४० टक्क्यांच्या वर. फेणी वर्षानुवर्षे टिकते, तिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हुर्राक मात्र पावसाळ्याच्या तोंडाशी संपते. जूननंतर कोणी हुर्राक म्हणून काही पुढे केले, तर जाणता माणूस ते हातात घेत नाही.

फळ संपले की पेय संपले, एवढा साधा नियम आहे. आपण लाम्बिकचे उदाहरण दिले, तेही याच जातीचे आहे : हवेतले यीस्ट, ठरावीक महिने, आणि माणसाच्या हाती मर्यादित नियंत्रण. गोव्यातल्या बिअरवाल्यांनी ‘हंगामी’ असे छापायचे असेल तर त्यांनी या मापाला उतरावे. ताज्या फळाची एक खेप, तिच्यातून निघाली तेवढी बिअर, आणि संपली की पुढच्या वर्षी.

तिरफळ

मी काही काळ एका ब्रुअरीच्या गुणवत्ता विभागात काम केले आहे. ती ब्रुअरी गोव्याबाहेरची होती. त्या अनुभवावरून फळांच्या बिअरबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण परीक्षणांत सर्वात जास्त गैरसमज तिथेच दिसतो.

आंब्याची बिअर म्हटल्यावर लोक आमरसाची अपेक्षा ठेवतात. पण आंब्यातली साखर यीस्टला पूर्णपणे पचवता येते. मानकुरादचा उत्तम रस आंबवण्याच्या टाकीत घातला तर काही दिवसांत त्याची साखर अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होऊन जाते, उसळणाऱ्या वायूबरोबर सुगंधाचा बराच भाग निघून जातो, आणि मागे उरते किंचित आंबट, जरा तुरट, आंब्याच्या सालीची आठवण देणारी कोरडी बिअर. खऱ्या फळाची खूण हीच. म्हणून चांगले ब्रुअर मुख्य किण्वन संपत आल्यावर, बिअर गार करण्याच्या सुमारास रस घालतात. तरी साखर शिल्लक असेल आणि यीस्ट जिवंत असेल तर कॅन फुगण्याचा धोका राहतो. ग्लासातली आंब्याची बिअर सरबतासारखी गोड लागली तर दोनच शक्यता उरतात : यीस्ट काढून किंवा मारून टाकून नंतर गोडवा घातला आहे, नाहीतर अर्क वापरला आहे. पहिल्यात काही गैर नाही. दुसऱ्यातही फसवणूक असेलच असे नाही, पण डिचोलीकरांच्या मापाला ती उतरणार नाही.

याउलट कोकम बिअरसाठी जणू तयारच फळ आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याची मुख्य देणगी आंबटपणा, आणि आम्ल यीस्ट खात नाही. ज्या लाल रंगासाठी आपण सोलकढीकडे पाहतो, तो रंगही आम्लात टिकतो. जर्मनीत गोस्लार आणि लाइपझिश या शहरांशी जोडलेली ‘गोझं’ नावाची गव्हाची बिअर आहे. तिच्यात मीठ आणि धणे असतात आणि लॅक्टिक जिवाणूंमुळे ती मुळातच आंबट असते. मीठ, धणे, आंबट : यातले गोव्याच्या स्वयंपाकघराला परके काय आहे? कोकम एप्रिल-मेमध्ये उतरते, तेव्हा ताज्या फळाची आंबट गव्हाची बिअर पावसाआधी टॅपवर यावी, यापेक्षा नैसर्गिक हंगामी बिअर मला सुचत नाही.

काजूच्या बोंडूचे मात्र अवघड आहे. त्यातले टॅनिन घसा धरते, आणि हॉप्सच्या कडवटपणाशी त्याचे अजिबात जमत नाही. हॉप्स अगदी कमी असलेल्या बिअरमध्येच त्याचा वास मोकळा होतो.

जाता जाता दोषांबद्दल. टॅपवरच्या बिअरला लोण्याचा किंवा बटरच्या पॉपकॉर्नचा वास आला तर तो डायअसेटिल. यीस्टला काम पुरे करायला वेळ मिळालेला नाही, किंवा टॅपच्या नळ्या स्वच्छ नाहीत. हिरव्या सफरचंदाचा वास बहुधा कच्च्या, घाईने काढलेल्या बिअरचा. उकडलेल्या मक्याचा वास धान्यरस नीट न उकळल्याचा. मात्र गव्हाच्या जर्मन बिअरमध्ये केळे आणि लवंग यांचा वास आला तर तो दोष समजू नये; ते त्या यीस्टचे वैशिष्ट्य आहे, आणि ते नसेल तर उलट विचारावे.

पुणेकर पाहुणा

एक शंका. गेल्या डिसेंबरात किनाऱ्यावरच्या एका शॅकमध्ये हिरव्या बाटलीतली बिअर घेतली होती. पहिला ग्लास उत्तम लागला, पण उन्हात ठेवलेल्या त्याच बाटलीतून ओतलेला दुसरा ग्लास जळक्या रबरासारखा, काहीसा प्राण्याच्या दुर्गंधीसारखा वास मारू लागला. गरम झाल्यामुळे असे होते का?

तिरफळ

उष्णतेमुळे इतक्या लवकर होत नाही. ते उजेडाचे काम आहे. हॉप्समधून आलेली कडवट द्रव्ये उजेडात तुटतात, बिअरमधले रायबोफ्लेविन त्याला हातभार लावते, आणि त्यातून गंधकाचे एक संयुग तयार होते, जे लिटरमागे काही नॅनोग्रॅम एवढे असले तरी नाकाला कळते. कडक उन्हात याला काही मिनिटे पुरतात. तपकिरी काच बराचसा अपायकारक उजेड अडवते, हिरवी फारच थोडा, पारदर्शक जवळजवळ नाही, कॅन पूर्ण अडवतो. ग्लासात ओतलेल्या बिअरला मात्र कोणतेच संरक्षण नाही, तेव्हा किनाऱ्यावर बसताना ग्लास सावलीत असावा.

मांडवीकाठ (धागाकर्ता)

डिचोलीकर, आपला मुद्दा पटला आणि पूर्ण पटलाही नाही. फळाच्या बिअरला हुर्राकचे माप लावावे, हे मान्य. पण फळाशिवायही हंगाम असतो. शेती करणाऱ्या बेल्जियमच्या वालोनिया भागात ‘सेझाँ’ थंडीत बनवून ठेवत आणि उन्हाळ्यात शेतावर राबणाऱ्यांना देत. तिच्यात कोणतेही हंगामी फळ नव्हते, हंगाम कामाचा आणि तहानेचा होता. म्हणून मी यापुढे दोन शब्द वेगळे वापरीन : फळाच्या किंवा पिकाच्या खेपेवर अवलंबून असलेली ती ‘हंगामी’, आणि हवेसाठी बेतलेली ती ‘उन्हाळी’ किंवा ‘पावसाळी’. यामुळे वाचकाची दिशाभूल होणार नाही.

तिरफळ, तापमानाबद्दल आपले मत हवे आहे. इथे बहुतेक ठिकाणी प्रत्येक बिअर दात शिवशिवतील इतकी गार देतात.

तिरफळ

लागर आणि गव्हाची हलकी बिअर ४ ते ७ अंशांत चांगली लागते. आयपीएला ८ ते १० अंश हवेत, आणि ट्रिपलसारखी ८-९ टक्क्यांची बेल्जियन बिअर १० अंशांच्या पुढेच उलगडते. फार गार असेल तर वास दबतो आणि दोषही लपतात. गोव्यात याची सोय हवाच करते : कॅन ओतून काही मिनिटे थांबा, पहिला घोट गार असताना घ्या, अर्धा ग्लास झाल्यावर पुन्हा वास घ्या आणि दोन्ही नोंदवा. मला स्वतःला बिअरचा खरा स्वभाव दुसऱ्या वासात कळतो. ग्लास मात्र साबणाचा किंवा तेलाचा अंश न राहता खळखळून धुतलेला असावा, नाहीतर फेस लगेच बसतो आणि त्याचा दोष बिअरच्या माथी येतो. गोठवलेला मगही नको. त्यावर जमलेला बर्फ बिअरमध्ये विरघळतो.

खारे वारे

उन्हाळ्याबद्दल बरेच झाले, पावसाळ्याची बाजू मांडतो. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, घरोघरी सुके मासे निघतात, आणि माझ्या मते भाजक्या माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या धान्याच्या) काळ्या बिअरला, म्हणजे स्टाउटला, गोव्यात हाच खरा काळ आहे. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर घ्या : भाजलेली सुंगटां, खोबरे, कांदा, मिरची आणि आमसूल किंवा चिंच. खारट आणि भाजकी चव एकत्र आली की स्टाउटमधली कॉफीसारखी कडवट बाजू मऊ होते आणि खोबऱ्याचा गोडवा पुढे येतो. आयपीए याच किसमुरीबरोबर घेतली तर मिरची आणि हॉप्स एकमेकांना भडकवतात आणि दोन्हींचा आस्वाद जातो.

उष्ण देशात काळी बिअर चालणार नाही असे म्हणणाऱ्यांनी श्रीलंकेची लायन स्टाउट आठवावी. ८.८ टक्क्यांची ती जड, गोडसर बिअर आपल्यासारख्याच उष्ण बेटावर पिढ्यानपिढ्या प्यायली जाते. गोव्यातल्या ब्रुअरींनी जून ते सप्टेंबरसाठी अशी एखादी बिअर नेमाने काढावी, अशी माझी मनापासून इच्छा आहे. पर्यटक नसतात तेव्हा इथला माणूस काय पितो, याचाही विचार कोणीतरी केला पाहिजे.

धागाकर्त्यांच्या पद्धतीने एक परीक्षण लिहून पाहतो. एकाच खेपेवर निवाडा होऊ नये म्हणून नाव देत नाही.

कोकम घातलेली आंबट गव्हाची बिअर, टॅपवर, मे महिन्याचा शेवटचा आठवडा, उत्तर गोवा. पिंप आदल्या दिवशी लावलेले, शीतगृहातून थेट आलेले, असे विचारल्यावर कळले. ओतली तेव्हा बरीच गार, साधारण ५ अंश. रंग फिकट जांभळट लाल, किंचित गढूळ. फेस गुलाबीसर, पण पाहता पाहता विरला. वासात आधी कोकमाची ओली साल, मग धणे, तळाशी ताज्या पिठाचा मऊ वास. चवीला आंबटपणा धारदार, दही आणि कोकम यांच्या मधला. मीठ जाणवते ते घोट गिळल्यानंतर, ओठांवर. कडवटपणा जवळजवळ नाही. अर्धा ग्लास झाल्यावर तापमान वाढले तशी कोकमाची तुरट बाजू पुढे आली आणि शेवट जरा रुक्ष झाला. तळलेल्या मुडदुशे माशांबरोबर उत्तम. रव्याच्या कवचातले तेल प्रत्येक घोटाने कापले जाते. फळ ताजे की सुकी सोले वापरली, असे विचारले तेव्हा ताजे असे उत्तर मिळाले, आणि वास त्याला दुजोरा देत होता. हंगामी म्हणायला पात्र. ताजी आणि गार असेपर्यंतच घ्यावी.

डिचोलीकर

परीक्षण वाचून ती बिअर शोधावीशी वाटली. ‘फळ ताजे की सुके’ हा प्रश्न टॅपवरच्या माणसाला विचारलात, हे फार आवडले. आपण गिऱ्हाइकांनी तो विचारायला लागलो तर बनवणाऱ्यांनाही उत्तर तयार ठेवावे लागेल.

गुणांचे काय करायचे? पाचपैकी की दहापैकी?

मांडवीकाठ (धागाकर्ता)

बिअरच्या स्पर्धांत परीक्षक वापरतात ती ५० गुणांची पद्धत मला सोयीची वाटते. त्यात वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातल्या पोताला ५ आणि एकूण मताला १० गुण असतात. रूपाला केवळ ३ आहेत, ही त्यातली शहाणपणाची गोष्ट. छायाचित्र सुंदर आले म्हणून बिअरचे गुण वाढत नाहीत. खारे वारे यांच्या बिअरचा फेस लवकर विरला, तर त्याचा फटका एखाद्या गुणापलीकडे बसणार नाही, आणि आंबट बिअरमध्ये फेस कमी टिकतो हेही लक्षात घ्यावे लागेल.

कॅन जुना किंवा तापलेला निघाला तर मात्र गुण देऊ नयेत. चवीचे वर्णन, भरल्याची तारीख आणि दुकान साधारण कोणत्या भागातले एवढे लिहावे, आणि जमल्यास तीच बिअर ताजी मिळवून पुन्हा चाखावी. कोकमाच्या बिअर चाखायला अजून थोडे दिवस आहेत. ज्यांना त्या टॅपवर दिसतील त्यांनी ठिकाणासह इथे कळवावे, म्हणजे संपण्याआधी इतरांनाही पोचता येईल. पावसाळी काळ्या बिअरसाठी जूनमध्ये वेगळा धागा काढतो.